सम, विषम आणि मी

नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत एका दिवशी रस्त्याच्या एकाच बाजूला गाड्या लावता येतात. विषम तारखेला समोरच्या बाजूला, सम तारखेला आमच्या. समोरच्या खांबावर 'पी-१' अशी निळी पाटी आहे, आमच्या खांबावर 'पी-२'. पुण्याबाहेरच्या माणसाला या पाट्यांचा अर्थ लागत नाही. साताऱ्याहून आलेला माझा मेहुणा पी-२ म्हणजे टू-व्हीलर असं समजून निर्धास्तपणे मोटारसायकल लावून वर आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "पण दाजी, मग पी-१ कुणासाठी? सर्कशीतल्या एकचाकीसाठी?"

आमचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली तेव्हा बिल्डरने भाडेकरूंना फ्लॅट दिले, खालची जागा मोटारवाल्यांना विकली आणि स्कूटरवाल्यांना रस्ता दाखवला. तेव्हापासून गल्लीत गाड्यांचं रोज स्थलांतर चालतं. कायद्याने तारीख रात्री बाराला बदलते. पण रात्री बाराला लुंगी सावरत स्कूटर ढकलायला पेठेतला माणूस उतरत नाही, आणि चलान करणाराही तेव्हा घरी झोपलेला असतो. त्यामुळे आमच्याकडे तारीख पंचांगातल्या वारासारखी सूर्योदयाला बदलते. सूर्योदय झाला की नाही, हे मात्र मी ठरवत असे.

कारण मी गणिताचा मास्तर. उभी हयात शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो, पण गल्लीने मला सेवेतून सोडलेलं नाही. सोसायटीच्या खर्चाची वाटणी असो, मुदत ठेवीवरचं व्याज असो, नाहीतर मुंजीच्या जेवणाचं ताट केवढ्याला पडलं हा वाद असो, "सरांना विचारा" हे ठरलेलं. गाड्यांचंही तसंच. सकाळी सहाच्या सुमारास मी खाली उतरून स्कूटर या बाजूची त्या बाजूला केली की पाठोपाठ बँकेतले काका उतरत, मग वकील, मग दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा डोळे चोळत. कॅलेंडर कुणी बघत नसे. सरांनी हलवली म्हणजे तारीख बदलली. या विश्वासाचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, थोडा माजच होता.

तर ३१ जुलैला सगळ्या गाड्या समोर, पी-१ खाली. दुसऱ्या दिवशी १ ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी. केसरीवाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी आंघोळ करून अभिवादनाला जायचा माझा रिवाज आहे. भुरभुर पाऊस होता. मी डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून उतरलो आणि रोजच्या शिस्तीत स्कूटर पलीकडून अलीकडे आणून लावली. मागोमाग काका आले, वकील आले, मुलगा आला. चार स्कूटरी पी-२ खाली ओळीत उभ्या राहिल्या.

पलीकडे राहिली फक्त पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताईंची गाडी. त्या डबे लावत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "सर, काल एकतीस होती ना? ती पण विषम, आजची एक पण विषम. मग बाजू कशाला बदलायची?"

आता या प्रश्नावर कुठल्याही शहाण्या माणसाने दोन क्षण थांबून विचार केला असता. पण मी शहाणा नव्हतो, मास्तर होतो. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघायची माझी एक खास नजर आहे. ती मी ताईंकडे टाकली आणि म्हणालो, "ताई, नियम आलटून पालटून आहे. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. पोळ्या तुम्ही बघा, हिशेब मी बघतो."

मंडळी हसली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी गाडी होती तिथेच राहू दिली आणि पोळ्या बघायला गेल्या.

केसरीवाड्यातून परत येऊन मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चहा घेत उभा होतो. तेवढ्यात रेनकोट घातलेला एक वाहतूक पोलीस गल्लीत शिरला आणि नेमका ताईंच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. खिशातून त्याने ते चलानचं यंत्र काढलं. मी बायकोला हाक मारली. "ये लवकर, बघ! सांगितलं होतं मी ताईंना." बायको म्हणाली, "पण तो तिकडे तोंड करून कुठे उभा आहे? आपल्याकडेच बघतोय." मी म्हटलं, पुराव्यासाठी परिसर पण दाखवावा लागतो. त्याने यंत्र डोळ्यांसमोर धरलं. कर्तव्यदक्ष माणूस दिसला की त्याचं मनोधैर्य वाढवावं, असं मला नेहमी वाटतं. म्हणून मी त्याला गॅलरीतून हात केला.

आमची गल्ली इतकी अरुंद आहे की अलीकडच्या गाड्यांचा फोटो घ्यायचा तर पलीकडे, भिंतीला पाठ लावूनच उभं राहावं लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही एवढंच.

दुपारी मोबाइलवर मेसेज आला. माझ्या स्कूटरचा नंबर, चलान, दंड आणि खाली एक दुवा. आता या बाबतीत बँकेतल्या काकांनी गल्लीला चांगलं तयार केलेलं आहे. चलानच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, ती उघडून मोबाइलमध्ये घेतली की बँकेतले पैसे जातात, हे त्यांनी सगळ्यांना पढवलेलं. माझ्या मेसेजसोबत फाइल वगैरे काही नव्हतं, आणि तो व्हॉट्सॲपवरही नव्हता. पण पढवलेल्या माणसाला एवढा फरक दिसत नाही. मी तो तात्काळ पुसला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गल्लीच्या ग्रुपवर मी सगळ्यांना इशारा दिला: "चलानचे बनावट मेसेज फिरत आहेत. आले असल्यास पुसून टाकावेत." काकांनी अंगठा दाखवला. वकिलांनी पुसला. मुलाने पुसला. ताईंनी लिहिलं, "मला नाही आला."

चार गाड्या हलल्या, चौघांना मेसेज. पाचवी हलली नाही, पाचवीला मेसेज नाही. असं उदाहरण मी सहावीच्या पोरांना घातलं असतं आणि उत्तर न आलं तर बाकावर उभं केलं असतं. मी स्वतः मात्र संध्याकाळी फिरायला गेलो आणि परत येताना ताईंच्या दारावरून मानही ताठ ठेवली.

उलगडा केला कॉलेजच्या मुलाने. पोरांना आमच्यासारखी सबुरी नसते. त्याने राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीचा नंबर टाकला आणि चलान खरंखुरं निघालं. रात्री तो दारात येऊन उभा राहिला. "सर, एक शंका होती. १ ही संख्या सम की विषम?"

विषम. अर्थातच विषम. २ ने भागून बाकी १ उरते. हे मी इतक्या वर्गांना इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. ३१ विषम, १ विषम. महिना ३१ दिवसांचा असला की शेवटची तारीख आणि नव्या महिन्याची पहिली तारीख या लागोपाठच्या दोन विषम तारखा, आणि गाडी दोन्ही दिवशी एकाच बाजूला. पहिलीच्या पोराला कळेल. पोळ्या लाटता लाटता ताईंना कळलं. याआधीच्या एकतिसाव्या तारखांना आम्ही काय केलं होतं, हे वकिलांनी विचारलं. बहुधा तेव्हाही असंच केलं असणार आणि कुणी फिरकलं नसणार. पण ते आठवायच्या मनःस्थितीत मी नव्हतो, कारण आजची तारीख डोळ्यांपुढून हलत नव्हती. लोकमान्य डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झालेले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी स्वतः गणित शिकवलं. त्यांच्याच पुण्यतिथीला, त्यांच्याच पेठेत गणिताच्या मास्तराने ही कामगिरी करावी! टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या म्हणून त्यांनी टरफलं उचलली नाहीत. मी शेंगा खाल्ल्या होत्या आणि गल्लीभर वाटल्याही होत्या.

दंड ताबडतोब भरून टाकायचा, असं मी ठरवलं. संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला तर त्याने चासी नंबरचे शेवटचे चार अंक मागितले. माझा मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, "बाबा, तो गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो." मी विजेरी, भिंग आणि जुनं गोणपाट घेऊन खाली उतरलो. रात्रीचे नऊ वाजले होते. पाऊस थांबला होता, चिखल थांबला नव्हता. मी गोणपाटावर पालथा झालो, स्कूटरच्या पोटाखाली डोकं घातलं आणि गंजाच्या थरावरून भिंग फिरवू लागलो. वरून कुणीतरी ओरडलं, "अहो, सर पडले!" क्षणात गल्ली जमली. काकांनी माझे पाय ओढले, वकिलांनी कांदा आणायला सांगितलं. मी आतून ओरडत होतो की मी बरा आहे, चासी बघतोय. पण पेठेत एकदा कांदा आणायला माणूस धावला की तो हुंगल्याशिवाय सुटका नसते.

कांदा हुंगून वर आलो तेव्हा बायको आरसी बुक हातात घेऊन बसली होती. चासी नंबर त्यावर छापलेला असतो. विम्याच्या कागदावरही असतो. माझ्या गंजलेल्या सांगाड्यावर कुठे आहे, हे मला आजतागायत सापडलेलं नाही.

चार अंक टाकल्यावर चलान उघडलं. सोबत पुराव्याचा फोटो. चार स्कूटरी झकास ओळीत, वर पी-२ ची पाटी, आणि त्याच्याही वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चहाचा कप घेतलेला एक गृहस्थ प्रसन्नपणे हात हलवतो आहे. बायकोने चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. "पासपोर्टपासून आजपर्यंत तुमचे जेवढे फोटो काढले," ती म्हणाली, "त्यात हा एकच धड आलाय." वकिलांना तो दाखवला तर ते म्हणाले, आरोपी घटनास्थळी हजर असल्याचं इतकं स्वच्छ प्रमाण त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही.

खाली आणखी एक ओळ होती. गाडीवर एक जुनं चलान थकलेलं. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी केल्याचं. याचाही फोटो. पाठमोरा माणूस, हँडलला मंडईची पिशवी, तीतून डोकावणारी शेपूची जुडी. बायको शेपूवरून मला ओळखते. त्या जुन्या चलानाचे पाचशे. आणि कायद्यात पहिल्या खेपेला पाचशे, पुन्हा केलं तर दीड हजार असा जिना आहे, त्याची दुसरी पायरी मी चढलो होतो. गल्लीत बाकीच्यांना पाचशे पाचशे, मला एकूण दोन हजार. पूर्वी नो पार्किंगला दोनशेत भागायचं. केंद्राने कायदा २०१९ मध्ये बदलला, महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ पासून लावले.

वकील म्हणाले, "भरू नका. लोकअदालत येऊ द्या. वर्षातून चारदा भरते, तडजोड होते, थोडं कमी होतं." पुण्यात पूर्ण दंड भरणाऱ्याकडे लोक करुणेने बघतात, हे मला माहीत आहे. पण त्या फोटोतला माणूस तोवर संकेतस्थळावर हात हलवत राहणार, हे मला सहन होईना. मी ऑनलाइन पैसे भरायला घेतले. ओटीपी आला तो चष्मा शोधेपर्यंत शिळा झाला. दुसरा आला, तो बरोबर टाकला, तर पडद्यावर एक चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. ते फिरत असताना शोधून वाचलं की जगातलं पहिलं पार्किंग मीटर १९३५ च्या जुलैत अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं आणि ती कल्पना कार्ल मॅगी नावाच्या वृत्तपत्र संपादकाची. लेख परत पाठवून समाधान न झालेला संपादक काय करतो, ते कळलं. चक्र थांबलं, व्यवहार फसल्याचं कळलं. नशिबाने पैसे गेले नव्हते.

मग मी तो निर्णय घेतला, जो माझ्या माहितीत पेठेतल्या कुणीही आजवर घेतलेला नाही. वाहतूक पोलिसाकडे आपण होऊन जाण्याचा.

टिळक रस्त्यावरच्या एका चौकात ते झाडाआड उभे होते. त्यांना बघून समोरून येणारे स्कूटरवाले पटापट गल्लीत वळत होते, एक जण तर गाडीवरून उतरून ती ढकलत पादचारी झाला. मी मात्र चालत सरळ त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, मला दंड भरायचा आहे."

त्यांनी माझ्या मागे बघितलं. "गाडी कुठंय?"

"घरी."

"मग पकडलं कुणी?"

"कुणीच नाही."

"पाठवलं कुणी?"

"मीच आलो."

त्यांनी पलीकडच्या सहकाऱ्याला हाक मारली. "जरा इकडं या हो." शेजारी हेल्मेटविना सापडलेला एक तरुण आईच्या आजारपणाची हकीकत सांगत होता. तोही थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. हा आपला माजी विद्यार्थी नसावा, एवढीच प्रार्थना मी करत होतो.

नंबर यंत्रात गेला. दोघांनी फोटो बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा फोटो. "हात तुम्हीच करताय का?" मी हो म्हणालो. दोघांनीही फार सभ्यपणे हसू गिळलं. मग मोठे हवालदार समजावणीच्या सुरात बोलू लागले. "काका, वाईट वाटून घेऊ नका, बऱ्याच लोकांचं चुकतं. आता बघा, दोननं भाग जातो ती सम. नाही जात ती विषम. एकतीसला जातो का? नाही जात. एकला जातो का? नाही जात. मग दोन्ही काय झाल्या?"

"विषम," मी म्हणालो.

"बरोब्बर!" त्यांना खरंच आनंद झाला. चांगले शिकवत होते, हे मी अनुभवाने सांगतो. "काय करता आपण?"

"निवृत्त. शिक्षक होतो."

"अरे वा. विषय कुठला?"

दूर गणपतीच्या वर्गणीसाठी पोरं फिरत होती. झाडावरून पाण्याचे थेंब पडत होते. हेल्मेट नसलेला तरुण कान देऊन ऐकत होता.

"चित्रकला," मी म्हणालो.

"मग गुरुजी, एक काम करा की. तुमच्या गल्लीतल्या त्या पाटीवरचा आकडा पुसट झालाय. दोन बोटं रंग लावा."

मी हो म्हणालो, कार्ड दिलं, दोन हजार भरले, पावती घेतली. तो तरुण निघताना माझ्या पाया पडला. का पडला, ते मी विचारलं नाही.

गल्लीतल्या तिघांचा भुर्दंड माझ्यामुळे होता. तो मी देऊ केला. वकिलांनी लोकअदालतीपर्यंत थांबायचं ठरवलं. मुलाने लगेच घेतला. बँकेतले काका म्हणाले, "राहू द्या सर. एवढ्या वर्षांत तुमची शिकवणी कधी लावली नव्हती. पाचशे फी समजतो." हे त्यांनी हसून म्हटलं असतं तर मी रात्री झोपलो असतो.

बायकोने सुचवलं की हा सगळा जाच नको, स्कूटर मंडईच्या वाहनतळावर ठेवावी. पुण्यातलं पहिलं चित्रपटगृह, आर्यन, मंडईपाशी होतं. ते गेलं आणि त्या जागी आता वाहनं उभी राहतात. तिथे गाडी लावून घरी चालत यायचं, आणि गाडी लागली की पुन्हा मंडईपर्यंत चालत जायचं. मंडईत पोचल्यावर भाजी घ्यायची आणि मग लक्षात येतं की गाडी लागत होती ती मंडईत यायलाच. हा बेत मागे पडला.

सध्या व्यवस्था अशी आहे. सकाळी सहाला गल्ली ताईंच्या गाडीकडे बघते. त्यांनी हलवली की काका हलवतात, मग वकील, मग मुलगा, शेवटी मी. ताईंनी याबद्दल मला एका शब्दाने काही म्हटलेलं नाही. फक्त परवा पोळ्यांच्या पुडक्याचा हिशेब मी करायला लागलो तर म्हणाल्या, "थांबा सर, मी करते."

पी-१, पी-२ च्या रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मूठ वळली की उंचवट्यावर येणारे ते सात महिने: जानेवारी, मार्च, मे, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. त्यांच्या शेवटच्या तारखेला गाडी जिथे लावली असेल, दुसऱ्या दिवशीही तिथेच राहू द्या. लीप वर्ष असेल तर २९ फेब्रुवारीलाही तेच. चासी नंबर आरसी बुकात असतो. आणि तारखेची शंका आलीच तर कॅलेंडर बघा, नाहीतर आमच्या ताईंना विचारा. माझ्याकडे येऊ नका, मी चित्रकलेचा मास्तर आहे.